क्वांटिटीवाली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपल्या कामाबद्दल थोडं बोलायचं असं ठरलं आहे. सकाळपासून मला तिघांनी विचारलं, "तू तर कम्प्युटरवाली ना? मग बांधकामाच्या साइटवर काय करतेस?" तेवढंच सांगते.

माझी पदवी सिव्हिलची, नोकरी सॉफ्टवेअरची. आमच्या वेळी असं पुष्कळांचं झालं. मुलगी लहान असताना पुण्यातली नोकरी सोडली आणि घरून करता येईल असं काम शोधू लागले. एका आर्किटेक्टने नकाशे दिले आणि त्यातून विटा, काँक्रीट, सळई, गिलावा किती लागेल ते काढायला सांगितलं. हाताने काढता काढता मी नकाशा वाचणारा छोटा प्रोग्राम लिहिला. त्याला आता सतरा वर्षं झाली. इंग्लंडात आणि आखातात हे काम करणाऱ्याला क्वांटिटी सर्व्हेअर म्हणतात; आपल्याकडे बिलिंग इंजिनिअर. साइटवर मी 'क्वांटिटीवाल्या मॅडम'.

काम सोपं वाटतं. भिंतीचा गिलावा म्हणजे लांबी गुणिले उंची, वजा खिडक्या-दारं. पण मोजणीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १२०० मध्ये, अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावटच करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटर असेल तर एकाच बाजूची वजावट. त्याहून मोठं असेल तर दोन्ही बाजूंची, पण मग कडांचा गिलावा वेगळा धरायचा. कारण कडा काढायला गवंड्याचा हात जास्त वेळ लागतो. मला हा नियम फार आवडतो. कोणीतरी गवंड्याशेजारी उभं राहून तो केलेला दिसतो.

आपल्याला मोजणी नवी नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर आपण पुडे घेऊन जायचो. सत्तर पानांचा एक पुडा. मोजणारा पुडा बाजूला सारायचा, शेकडा लिहायचा, आणि घरी येताना आई पुटपुटायची की दोन पुडे कमीच लिहिले. त्या वहीत काय लिहिलं ते तिला वाचता येत नव्हतं. म्हणून माझ्या प्रत्येक आकड्यापुढे तो नकाशाच्या कुठल्या पानावरून, कुठल्या दोन रेघांमधून आला ते लिहिलेलं असतं. बांधकाम खात्याच्या मेजरमेंट बुकाचीही रीत अशीच : पानांना क्रमांक, शाईने लिहायचं, खोडरबर नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून सही करायची.

आता या धंद्यातली अवघड बाजू. पायाच्या खोदाईत मुरूम लागला की कठीण खडक, यावर दर कितीतरी बदलतो. आणि पाया भरून झाला की खाली काय होतं ते कोणालाच दिसत नाही. एका ठेकेदाराने (नाव सांगत नाही) मला मुरमाचा खडक करायला सांगितलं. "मॅडम, कोण खणून बघणार?" माझ्याकडे खोदाईचे रोजचे फोटो आणि लेव्हल होत्या. मी नाही म्हटलं. पुढचं काम तर गेलंच, आधीच्या तीन बिलांचे पैसेही आठ महिने अडकले. त्या वर्षी मुलीची फी सोन्याची बांगडी गहाण ठेवून भरली. आखातातल्या एका कंपनीचं काम हाती होतं म्हणून निभावलं. नोकरदाराला पगार असतो, आपल्याला नसतो. म्हणून तेव्हापासून कोणा एकाकडून निम्म्याहून जास्त काम घेत नाही आणि आगाऊ रक्कम आल्याशिवाय नकाशा उघडत नाही. फीमधून दहा टक्के टीडीएस कापला जातो, तो वर्षअखेर हिशेबात येतो. ज्यांची मुलं स्वतंत्र काम करू म्हणतात त्यांनी हे त्यांना आधीच सांगावं. माझ्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं.

एक गोष्ट खास आपल्या भागाची. आपल्याकडच्या इस्टिमेटमध्ये मालाइतकीच वाहतूक खाते. चारी बाजूंनी जंगल. वनजमिनीवर १९८० च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी लागते, म्हणून मुरूम डोळ्यांसमोर असला तरी खणता येत नाही. वाळू, खडी, सिमेंट सगळं दुरून. या अंतराला लीड म्हणतात. इथे बसलेले काही जण सरपंच आहेत, काही ठेकेदार. गावात काम आलं की एकूण रक्कम नंतर बघा, आधी लीडचा तक्ता मागा : खडी कुठल्या खाणीतून धरली आहे, आणि ट्रक खरंच तिथून येतो का? दहा किलोमीटर इकडचे तिकडे झाले की शंभर घनफुटांच्या प्रत्येक ब्रासमागे पैसे बदलतात.

शाळेच्या कुंपणभिंतीसाठी आपण वर्गणी काढतो आहोत. आलेला अंदाज मी काल रात्री पाहिला. भिंतीची लांबी त्यात गोल आकड्यात आहे, आणि फाटकाची वजावट दिसत नाही. उद्या सकाळी सात वाजता मी टेप घेऊन मैदानावर येते. दुसरं टोक धरायला दोघं जण लागतील, आणि आकडे लिहायला एखादी दहावीतली मुलगी. सरांनी तेवढी मुलगी निवडून द्यावी.