गाभाऱ्याच्या पायऱ्या



अध्यक्षाने आधी आभार मानायचे असतात. ते मनापासून मानते आणि थेट कामाकडे वळते, कारण पुढे जेवण आहे आणि जेवणाबद्दलच मला बोलायचं आहे.

इथून जवळच, वालधुनी नदीच्या काठी, आपलं शिवमंदिर उभं आहे. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख त्याच्यावर आहे. लोक येतात ते शिलाहारांच्या काळातलं कोरीवकाम बघायला. मी पडले फिजिओथेरपिस्ट, माझी नजर जाते पायऱ्यांकडे. इथला गाभारा खोलात आहे. मंडपातून वीसेक पायऱ्या उतरल्याशिवाय पिंड दिसत नाही. काडेपेटीच्या कारखान्यात जन्म काढलेल्या एका काकांच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू गेली. त्यानंतर आठव्या महिन्यात ते मला म्हणाले, "एकदा पिंडीपाशी नेशील का गं?"

त्यांच्या कपाटावर तेव्हा प्रोटीन पावडरचे तीन डबे होते. दोन रिकामे, एक अर्धा. मुलगा पहाटेची लोकल पकडून साठ किलोमीटरवर नोकरीला जाणार, रात्री परतणार. वडिलांसाठी त्याच्या हातात काय होतं? डबा आणणं. मी त्याला हसले नाही, तुम्हीही हसू नका. फक्त डबा काय करू शकतो आणि काय नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते काम आपलं, फिजिओथेरपिस्टांचं होतं.

१९९४ साली बोस्टनमधल्या एका शुश्रूषागृहातल्या शंभर वृद्धांवर झालेला प्रयोग मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. सरासरी वय ८७. काहींना दहा आठवडे वजनाचे व्यायाम दिले, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीच्याही वर गेली. नुसतं पेय घेणाऱ्यांच्या पदरात काही पडलं नाही. त्यातला मला सर्वांत आवडणारा निष्कर्ष सहसा कुणी सांगत नाही: पेयामुळे दिवसाचा एकूण आहार वाढला तो फक्त व्यायाम करणाऱ्यांचा. बाकीच्यांनी पेय घेतलं आणि तेवढं ताटातलं टाकलं. काकांच्या घरी हेच चाललं होतं. सकाळी पावडरचा ग्लास झाला की काकू म्हणायच्या, "आता नाश्ता नको, पोट भरलंय त्यांचं."

बोस्टनची ती माणसं पक्षाघाताची नव्हती, हे मान्य. पक्षाघाताच्या रुग्णांवरचा मोठा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. चार हजारांवर रुग्ण, त्यांतल्या निम्म्यांना इस्पितळात सरसकट पूरक पोषण दिलं, फायदा दिसला नाही. पण त्यात सुरुवातीलाच कुपोषित असलेले रुग्ण शंभरात आठच्या आसपास होते. आपल्याकडे येणारी म्हातारी माणसं त्या आठांत जास्त आणि बाकीच्यांत कमी बसतात, असं माझं वीस वर्षांचं निरीक्षण आहे. म्हणून मी डब्याच्या विरोधात नाही. डबा आधी आणि चौकशी नंतर, याच्या विरोधात आहे.

चौकशी म्हणजे काय? साठ किलो वजनाचे गृहस्थ घ्या. निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. आजारातून उठणाऱ्या वृद्धाला १.२ ते १.५ लागतात. म्हणजे कमीत कमी ७२ ग्रॅम. आता घरातलं मोजू. दोन अंडी १२, पेलाभर दूध ६, मटकीची उसळ ९, वरण ७, वाटीभर दही ५, चार चपात्या १२, मूठभर शेंगदाणे ६. झाले ५७. उरलेल्या पंधरासाठी अर्धा-पाऊण चमचा पावडर चालेल, हरकत नाही. चमचा म्हणजे डब्यात येतो तो. पण हे ५७ कुणाच्या ताटात असतात? सकाळी चहा-खारी, दुपारी आमटीचं पाणी आणि मऊ भात, सोमवारी उपवासाचा साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं!

आणि उपाय लांब नाहीत. बदलापूरकडच्या घरांत कडव्या वालांचं बिरडं होतं. उल्हासनगरच्या सिंधी घरांत साई भाजी होते, पालक आणि चण्याची डाळ घोटून केलेली. ज्याला गिळताना त्रास होतो त्याच्यासाठी तिच्याइतकं चांगलं अन्न मला माहीत नाही. आगरी घरात मासळी आहेच, फक्त रक्तदाबवाल्याला खारवलेली नको. इथे एक इशारा देते. गिळण्याचा त्रास असलेल्याला पावडरचं पातळ पेय देणं धोक्याचं आहे. ते घशातून श्वासनलिकेत उतरतं, पुढे न्यूमोनिया होतो. पाजण्याआधी गिळणं तपासा. मधुमेह्याचं क्रिएटिनिन बघितल्याशिवाय प्रथिनांचा आकडाही सांगू नका.

आता आपल्या बाजूचं. काकांना इस्पितळातून सोडताना कागदावर लिहिलं होतं, "फिजिओथेरपी चालू ठेवावी." कसली, किती, कुठवर, काही नाही. पुढे कुणीतरी सांगितलं की सहा महिन्यांनी सुधारणा थांबते. हे वाक्य आपल्या धंद्यात फार सैलपणे बोललं जातं. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले रुग्ण. त्यांतल्या काहींच्या चांगल्या हातावर हातमोजा चढवून अधू हाताला दोन आठवडे कामाला जुंपलं. सुधारणा झाली आणि वर्षानंतरही टिकली.

उलट बाजूही सांगते, कारण ती आपल्या देशातली आहे. भारतातल्या १४ इस्पितळांत १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसन शिकवून घरी पाठवलं. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक नाही. बऱ्याच जणांनी यावरून घरी व्यायाम करून उपयोग नाही असा अर्थ काढला. मला तो पटत नाही. मला त्यात दिसते ती सून, जिला दोन-चार दिवस शिकवून आपण मोकळे झालो. ती सासऱ्यांना उठवते कशी? अधू हाताला धरून, ओढून. खांदा निखळतो, दुखतो, आणि मग व्यायामच बंद. तिला दर महिन्याला कुणीतरी भेटायला हवं आणि आठव्या महिन्यात तर हवंच.

काकांना आम्ही काय दिलं? एक हाताची खुर्ची, भिंतीला टेकवलेली. हात न टेकता उठायचं-बसायचं, पाचाचे दहा, दहाचे पंधरा. बैठक उंच करायला वर ठेवलेली गोधडी दर पंधरवड्याला एक घडी कमी. वर्तमानपत्र आलं की उठबस, आणि उठबस झाली की अंडी. काकूंनी ही वेळ कधी चुकवली नाही. मग जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. उतरणं अवघड, कारण मांडीच्या स्नायूला लांबत लांबत वजन पेलावं लागतं. आणखी एक कटकट होती. पाऊल लोंबायचं, त्यामुळे डावी चप्पल वाटेतच निसटायची आणि काकांना पत्ता नसायचा. दर चार पावलांनी खाली बघायची सवय त्यांना लागली होती.

चौदाव्या महिन्यात, गर्दी नसलेल्या एका दुपारी आम्ही देवळात गेलो. मुलाने रजा काढली होती. तो पुढे उलटा उतरत होता, मी मागून कमरेचा पट्टा धरला होता. काका उतरले. पिंडीपाशी बराच वेळ बसले. चढताना बाराव्या-तेराव्या पायरीवर एकदम थांबले. मला वाटलं दम लागला. त्यांनी मान वळवून खाली बघितलं आणि विचारलं, "चप्पल खाली राहिली का गं?"

चपला आम्ही सगळ्यांनीच बाहेर काढल्या होत्या.