आधी गळती, मग रंगरंगोटी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत भिवंडी तालुक्यातल्या एका गटाच्या सदस्य ताईंनी केलेलं हे भाषण. त्यांच्या विनंतीवरून त्यांचं आणि गावाचं नाव दिलेलं नाही.)



कर्ज फेडता फेडता घर कसं दुरुस्त केलं ते सांग, असं मला सांगण्यात आलंय. आधीच सांगते, घर अजून पूर्ण झालेलं नाही. पुढची पडवी तशीच आहे, बाहेरून गिलावा नाही. पण यंदाच्या पावसात घरात एकही टोप ठेवावा लागला नाही, आणि सावकाराचं एका रुपयाचंही देणं नाही. या दोन गोष्टी कशा झाल्या तेवढं सांगते.

आमचं घर सासऱ्यांच्या वडिलांनी बांधलेलं. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. दर उन्हाळ्यात घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, असं चालायचं. पण वाशांना वाळवी लागली आणि कौलं सरकायला लागली. २०२१ च्या पावसाळ्यात चार ठिकाणी गळत होतं. सासूबाई रात्रीतून तीनदा अंथरूण उचलून जागा बदलायच्या. बोलायच्या काही नाहीत, नुसतं वर बघायच्या.

आपल्या तालुक्यात हायवेच्या बाजूला गोदामं झाली, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे बंगले उभे राहिले. आमचं शेत आत, त्याला कोण विचारतंय? हे गोदामात हमालीला जातात, मी दुसऱ्या गोदामात पॅकिंगला. दोघांचे मिळून महिन्याला एकवीस हजार, तेही काम असेल तेव्हा. भात तेवढा घरचा.

लॉकडाऊनमध्ये काम बंद पडलं तेव्हा सावकाराकडून २०,००० घेतले, शेकडा पाचाने. म्हणजे महिन्याला १,००० रुपये नुसतं व्याज. चौदा महिने भरलं. १४,००० गेले आणि मुद्दल वीसचे वीसच. दुसरीकडे मी घरासाठी म्हणून डब्यात पैसे टाकत होते. मला वाटायचं, आपण किती हुशार, कर्जही चालू आणि बचतही चालू.

मार्च २०२२ च्या बैठकीत मी गटाकडे घरासाठी मोठं कर्ज मागितलं. यांच्या डोक्यात स्लॅबचं घर होतं. आमच्या सीआरपी ताईंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी एक कागद दिला आणि म्हणाल्या, "आज रात्री दोघं बसून घरातली सगळी देणी लिहा. कोणाचे, किती, व्याज किती, हप्ते किती राहिले. एकही लपवू नका. एक लपवलं तर पूर्ण हिशोब खोटा."

मैत्रिणींनो, माझ्या पोटात तिथेच गोळा आला. कारण एक कर्ज मी घरात सांगितलेलं नव्हतं.

माझ्या भावाला टेम्पोसाठी पैसे हवे होते. त्याला कोणी देईना, म्हणून मी माझ्या नावावर एका कंपनीचं ४०,००० चं कर्ज काढून दिलं. २,१५० चे २४ हप्ते. त्याने चार भरले, मग टेम्पो बिघडला. पुढचे दोन मी माझ्या पगारातून गुपचूप भरले. घरी सांगायचे, यंदा पगार कापला. आपल्यातल्या कितीजणींच्या नावावर अशी दुसऱ्याची कर्जं आहेत, मी हात वर करायला सांगणार नाही. पण प्रत्येकीला आपलं माहीत असतं.

त्या रात्री मी ते कागदावर लिहिलं. यांनी वाचलं आणि उठून बाहेर गेले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना एवढंच विचारलं, "किती हप्ते राहिलेत?" मी म्हटलं, अठरा. "बरं," म्हणाले. तिथून आमचा हिशोब सुरू झाला.

पुढच्या बैठकीत ताईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "तुझे डब्यातले अकरा हजार झोपलेत, आणि सावकाराचे वीस हजार रात्रंदिवस कामाला आहेत." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के! डब्यातल्या पैशाला एक रुपयाही व्याज येत नव्हतं.

मग आम्ही असं केलं. डब्यातले ८,००० काढले, गटाकडून १२,००० घेतले, शेकडा एकाने. सावकाराचे वीस हजार एकरकमी देऊन टाकले. जाताना गटातल्या दोघी मैत्रिणींना बरोबर नेलं आणि मी सही केलेला कोरा कागद परत घेतला, तिथेच फाडला. गटाचे दर महिन्याला १,००० मुद्दल आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्यात १२०, दुसऱ्यात ११०, असं कमी कमी होत शेवटच्या महिन्यात १०. वर्षाचं एकूण व्याज ७८० रुपये. सावकाराच्या एका महिन्याच्या व्याजापेक्षा कमी! महिन्याला आधी हजार जात होते, आता सुरुवातीला अकराशेवीस गेले, पण वर्षाने कर्ज संपलं.

डब्यातले तीन हजार मात्र ठेवले. काहीजणी म्हणाल्या, तेही फेडीत घाल. पण पावसाळा तोंडावर होता. दोन वासे कुजले होते, ते खाली आले असते तर भिंतही गेली असती. म्हणून दोन वासे बदलले, वर ताडपत्री टाकली. कर्जाचं व्याज वाढतं तसं गळक्या घराचं नुकसानही वाढतं, हे विसरायचं नाही. जे थांबवलं नाही तर उद्या दुप्पट खर्च होईल, तेवढंच आधी करायचं. फरशी, रंग, खिडकीच्या काचा थांबतात. त्यांना घाई नसते.

आणि कर्ज चालू असतानाच महिन्याला ५०० रुपये बाजूला टाकत राहिलो. डब्यात नाही, बँकेच्या खात्यात. गणपतीनंतर मुलाला ताप आला, २,७०० खर्च झाला. तो या पैशातून गेला. हे पाचशे नसते तर मी परत त्याच सावकाराच्या दारात उभी असते. म्हणून सांगते, सगळे पैसे कर्जात घालून हात रिकामा ठेवू नका.

मार्च २०२३ ला गटाचं कर्ज संपलं. आता खरी परीक्षा होती. हप्ता संपला की पैसे मोकळे झाले असं वाटतं आणि ते कुठे जातात कळत नाही. आम्ही ठरवलं, हप्ता संपला तरी भरायचा, फक्त तो घराच्या खात्यात भरायचा. म्हणजे ५०० चे १,५०० झाले. सप्टेंबरमध्ये कंपनीचा शेवटचा हप्ता गेला, मग १,५०० चे ३,६५० झाले. मार्च २०२४ ला घराच्या खात्यात ३४,२०० रुपये होते. मी पासबुक सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही, पण त्यांनी ते बराच वेळ धरून ठेवलं.

त्या उन्हाळ्यात छप्पर केलं. वासे-रिपा नवीन, कौलं निवडून जुनीच वापरली. मजुरी वाचावी म्हणून घरच्या माणसांनी कौलं उतरवली. माझा भाऊ आठ दिवस आला, दुरुस्त केलेल्या टेम्पोतून लाकूड त्यानेच आणलं. त्याचे सगळे हप्ते काही परत आले नाहीत, पण तो मान खाली घालून राबला. ३१,००० खर्च झाला. पुढच्या वर्षी पुन्हा साठवले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ओल येणारी भिंत आणि आतली जमीन केली. स्लॅब नाही झाला. पण त्यासाठी नवीन कर्जही नाही झालं.

आता चार गोष्टी माहिती म्हणून सांगते, त्या लिहून घ्या.

पहिली, सावकाराकडे परवाना आहे का विचारा. २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवाना असलेल्यालाही सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेतीशिवाय दुसऱ्या कामाच्या, तारण नसलेल्या कर्जाला तो वर्षाला १८ टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का आहे. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. कोऱ्या कागदावर सही कधीच करू नका.

दुसरी, सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड घेता येत नाही. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही. दारात कोणी ओरडायला आलं तर घाबरू नका, गटातल्या मैत्रिणींना हाक मारा.

तिसरी, ज्यांचं घर कच्चं आहे त्यांनी आधी ग्रामपंचायतीत जाऊन घरकुलाच्या यादीत नाव आहे का बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १,२०,००० रुपये मिळतात, पण ते नवीन पक्क्या घराला, जुन्याच्या डागडुजीला नाही. आदिवासी कुटुंबांना शबरी आणि अनुसूचित जातीच्या कुटुंबांना रमाई घरकुल योजना आहे. नाव लागणार असेल तर जुन्या घरावर मोठा खर्च करू नका.

चौथी, गटाचा हप्ता चुकवू नका. माझे बारा हजार तुमच्याच बचतीतून आले होते. मी चुकवला असता तर दुसऱ्या कोणाची तरी सावकारापासून सुटका लांबली असती.

शेवटचं बोलते. आज घरी गेल्यावर एक कागद घ्या आणि घरातली सगळी देणी लिहा, लपवलेलंही लिहा. दोन दिवस घरात कोणी बोलणार नाही. चालेल. आमच्या घरातही बोललं नव्हतं. पण आता पाऊस पडतो तेव्हा सासूबाई एकाच जागी झोपतात.