नाकाचे सांगणे



मंडळाच्या वर्धापनदिनी मला दोन शब्द बोलायला सांगितले, हा तुमचा लोभ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे सांगणार आहे त्यातले निम्मे प्राणिशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मुलीकडून ऐकलेले आहे, निम्मे घरात शिकलेले.

आपल्याकडे आरमोरीच्या बाजूला ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात, हे तुम्ही जाणताच. कोशातून निघालेली मादी फारशी हलत नाही. रात्री ती अंगातून एक गंध सोडते. नराच्या मिशा पिसासारख्या असतात. त्यांना तो गंध कळतो आणि नर अंधारातून तिच्यापर्यंत येतो. अशा गंधाला फेरोमोन म्हणतात. १९५९ साली बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञांनी तुतीच्या रेशमी पतंगाचा हा गंध वेगळा काढला. त्यासाठी सुमारे ५ लाख माद्या लागल्या!

माणसात असे द्रव्य अजून कोणी सिद्ध केलेले नाही. त्या नावाने अत्तरे विकतात, त्यांवर पैसे घालवू नका. पण वास आपल्यालाही ओढतो. १९७५ साली मॅकफार्लन यांनी दाखवून दिले की, सहा दिवसांचे बाळ परक्या आईपेक्षा आपल्या आईच्या छातीशी ठेवलेल्या कापडाकडे जास्त वळते. आपल्या आज्या तान्ह्याला आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळीत, ते उगीच नव्हे.

मात्र हेच नाक माणसे तोडतेही. गेल्या हळदीकुंकवाला एक ढीवर मावशी मासे विकून थेट आल्या. सतरंजीवर त्यांच्याभोवती जागा मोकळी राहिली. खोटे कशाला सांगू, मीही पदर नाकाशी धरला. वाण न घेताच त्या उठून गेल्या. रात्री कोशाच्या साडीची घडी घालताना मला आठवले, रानात पाखरे हाकलून हे किडे राखतात ते ढीवरच. मला माझीच लाज वाटली.

कोणताही वास थोड्या वेळात नाकाच्या सवयीचा होतो. म्हणून तर आपल्या घरचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्यांना येतो. त्या दिवशी दहा मिनिटे जवळ बसलो असतो, तर वास विसरलो असतो. पतंगाला गंधाचे ऐकावेच लागते. आपल्यावर तशी सक्ती नाही.

यंदा मावशींना बोलवायला मी स्वतः जाणार आहे. त्या येतील की नाही, सांगता येत नाही. आल्या तर मी त्यांच्या शेजारी बसेन. दुसऱ्या बाजूला तुमच्यापैकी कोणीतरी बसावे, एवढेच मागते आणि माझे दोन शब्द पुरे करते.