घोळणा फुटतो तेव्हा

(वाशीम जिल्ह्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. वैद्यकाशी माझा संबंध रुग्ण म्हणूनच आलेला. तरीही आज नाकाविषयी बोलण्यास उभा आहे, त्याला एक प्रसंग कारण आहे. काही वर्षांपूर्वी भर एप्रिलात आपल्याच जिल्ह्यातील एका शाळेच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतील मुलाचा घोळणा फुटला. आम्ही चार-पाच शिकलीसवरली माणसे धावलो. कोणी त्याला उताणे निजवले, कोणी डोक्यावर पाणी ओतले, कोणी कांदा फोडून हुंगायला दिला. त्याची मान मागे धरणारा मीच होतो. थोड्या वेळाने पोराने रक्ताची उलटी केली आणि मंडपात एकच गलका उडाला. ते नाकातलेच रक्त होते. आम्हीच ते त्याच्या घशात उतरवले होते, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले.

नाकाची रचना ठाऊक असती तर हे टळले असते. चष्मा टेकतो तेवढा वरचा भाग हाडाचा. त्याखालचे नाक कूर्चेचे, म्हणून लवचीक. मधला पडदा आतल्या पोकळीचे दोन भाग करतो. प्रत्येक भागाच्या बाहेरील भिंतीवर शिंपल्यासारखी वळलेली तीन हाडे एकाखाली एक असून त्यांवर ओलसर अस्तर असते. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे 10 हजार लिटर हवा आत घेतो. ती फुफ्फुसांत जाण्यापूर्वी गाळावयाची आणि तिला ऊब व ओलावा द्यावयाचा, हे या अस्तराचे काम. (गंध ओळखणारा भाग पार वर छताशी आहे. सर्दीत हवा तेथवर पोचत नाही आणि घरच्या भाजीला उगाच नावे ठेवली जातात.) ऊब द्यावयाची तर रक्त हवे; म्हणून अस्तराखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे.

नाकाच्या बाबतीत रक्तपुरवठा किती मोलाचा, हे पुण्याजवळच्या एका कुंभाराने कृतीने दाखवून दिले होते. 1792 च्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने या कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाच्या पत्र्याने माप घेऊन कपाळाची तेवढी कातडी सोडवायची, पण दोन भुवयांमधली चिंचोळी पट्टी तोडायची नाही. कातडी वळवून खाली नाकाच्या जागी बसवायची. त्या पट्टीतून रक्त मिळत राहिल्याने कातडी जगे. जखम सांधल्यावर, सुमारे 25 व्या दिवशी, पट्टी कापीत. क्रूसो व फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिचा सचित्र वृत्तान्त ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला, तिचाच आधार घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनला ती करून दाखविली. त्या कुंभाराचे नाव मात्र वृत्तान्तात नाही.

रक्ताची हीच विपुलता आपल्या उन्हाळ्यात त्रासदायक ठरते. मधल्या पडद्याच्या पुढच्या टोकाशी, मुलाचे बोट सहज पोचेल अशा जागी, अनेक रक्तवाहिन्या एकत्र येतात. कोरड्या हवेने तेथे खपली धरते, बोट लागले की रक्त वाहते. मुलांचा घोळणा बहुधा येथेच फुटतो. म्हणून मुलाला बसवून पुढे वाकवावे, तोंडाने श्वास घेण्यास व तोंडात आलेले रक्त थुंकण्यास सांगावे. हाडाखालचा नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून सलग 10 मिनिटे सोडू नये. थांबले का, हे पाहण्यासाठी मध्येच चिमूट सैल करण्याचा मोह होतो. तेथेच सारे फिसकटते. रक्त अर्ध्या तासात थांबले नाही, डोक्याला मार लागला असेल किंवा मूल निस्तेज दिसू लागले, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. वयस्क माणसांत रक्त पुष्कळदा मागच्या भागातून येते व ते चिमटीने थांबत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना ते अवश्य सांगावे.

आता घड्याळ माझ्यासमोर आहे. आपण सर्वांनी आपापले नाक चिमटीत धरावे. मी सांगेपर्यंत कोणी सोडू नये, अध्यक्षमहाराजांनीही.