लाईट गेली, तरी अँप्लिफायर लगेच उघडू नका

आजचा एपिसोड छोटा आहे. पण ज्यांनी घरी अँप्लिफायर बनवलाय, किंवा गणपतीच्या आधी बनवायचा बेत आहे, त्यांनी जरा कान देऊन ऐका.

मी पौडचा. मुळशीतला पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला लाईटबद्दल वेगळं सांगायला नको. जुलैतली एक संध्याकाळ. माझा टीडीए ७२९४ वाला अँप्लिफायर गाणं चालू असतानाच गप्प झाला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ दुकानं पालथी घालून पार्ट जमवले होते: २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर, १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर वगैरे. उघडायला बसणार, तेवढ्यात लाईट गेली. म्हटलं, बरंच झालं, आता शॉकची भीती नाही. चहा घेतला आणि पाऊण तासाने झाकण काढलं. दहावीतला चुलतभाऊ मोबाईलचा टॉर्च धरून उभा.

स्क्रूड्रायव्हर हातातून निसटला आणि एका कपॅसिटरच्या दोन टोकांवर आडवा पडला. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज! डोळ्यांपुढे पांढरं झालं. नंतर बघतो तर स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला खड्डा आणि पीसीबीवरचा एक ट्रॅक गायब. भावाच्या मनगटात तांब्याचं कडं होतं आणि त्याचा हात तिथून वीतभर लांब. स्क्रूड्रायव्हरच्या जागी ते कडं असतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता हे झालं कसं? आपलं मुळशी धरणच घ्या. पाऊस थांबला म्हणून धरण रिकामं होतं का? नाही. त्याच्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला १९२७ पासून वीज तयार होतेय, ती साठवलेल्या पाण्यावरच. कपॅसिटरचंही तसंच. वरून येणारा पुरवठा थांबला, पण साठा आहे तिथेच आहे. तो जायला वाट लागते.

आणि खरी मेख इथे आहे. चालू स्थितीतला अँप्लिफायर बंद केला की त्याचा बोर्ड काही सेकंदांत तो साठा पिऊन टाकतो. म्हणून आपल्याला सवय लागते, की बंद केला म्हणजे संपलं. पण माझ्या डब्यात कपॅसिटर आणि बोर्ड यांच्या मधले दोन्ही फ्यूज उडाले होते. वाटच बंद. म्हणजे बिघडलेला अँप्लिफायर जास्त धोक्याचा, आणि आपण उघडतो तो नेमका बिघडलेलाच!

थोडा हिशोब. २४ व्होल्ट एसीचे रेक्टिफायरनंतर साधारण ३३ ते ३५ व्होल्ट डीसी होतात. प्लसच्या आणि मायनसच्या टोकांमध्ये मोजलं तर जवळपास ७०. पावसात ओल्या हाताला हे कमी नाही. एका कपॅसिटरमध्ये साधारण ६ ज्यूल ऊर्जा असते. ऐकायला किरकोळ वाटते, पण थेट शॉर्ट झाला की ती क्षणार्धात बाहेर पडते, शेकडो अँपिअरने. म्हणून ‘स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी काढ, झालं काम’ हा सल्ला कुणीही दिला, अगदी वीस वर्षं रिपेअरिंग करणाऱ्याने दिला, तरी ऐकू नका. त्याने कपॅसिटरही खराब होतो.

मग करायचं काय? आधी प्लग सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. मीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा, आणि तो चालतोय ना हे एखाद्या बॅटरीवर बघून घ्या. मग दोन्ही कपॅसिटर वेगवेगळे मोजा. एक रिकामा निघाला म्हणून दुसराही असेल असं नाही.

व्होल्टेज दिसलं तर १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर, तो पांढरा सिमेंटवाला, कपॅसिटरच्या दोन टोकांना लावा. रेझिस्टरला इन्सुलेशन असलेल्या वायरी आणि क्लिपा आधीच जोडून ठेवा. उघड्या तारेला बोट नको, दुसरा हात खिशात. १०,००० मायक्रोफॅरड गुणिले १०० ओहम म्हणजे १ सेकंद. त्याच्या पाचपट वेळ, ५ सेकंदांत जवळपास सगळं उतरतं. मी १० मोजतो. मग पुन्हा मीटर. थोड्या वेळाने परत मोजलंत तर थोडे व्होल्ट वर आलेले दिसतील. मीटर बिघडलेला नाही, कपॅसिटरचा तो स्वभाव आहे. पुन्हा एकदा रेझिस्टर लावा.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. हे सगळं अशा कमी व्होल्टेजच्या अँप्लिफायरसाठी आहे. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, टीव्ही, एसएमपीएस यात आजचं ऐकून हात घालू नका. २३० व्होल्ट सरळ रेक्टिफाय केले की ३२५ होतात, तिथे जीव जाऊ शकतो. हा १०० ओहमचा रेझिस्टरही तिथे टिकणार नाही.

कायमचा उपाय स्वस्त आहे. प्रत्येक कपॅसिटरला समांतर २.२ किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर सोल्डर करून टाका. त्याला ब्लीडर म्हणतात. सतत अर्ध्या वॉटच्या आसपास वीज खातो, थोडा गरम होतो, होऊ दे. पुरवठा गेला की दोनेक मिनिटांत कपॅसिटर रिकामा. तरी मीटर लावायचाच, कारण ब्लीडरचाही टाका सुटू शकतो.

मी दोन्ही बाजूंना एकेक एलईडीही लावलाय, आपापल्या रेझिस्टरसकट. आता लाईट गेली की भाऊ आधी त्या दोन लाल ठिपक्यांकडे बघतो. ते मंद होत होत विझले की मीटर आणायला उठतो. कडं तेव्हा फ्रिजवर काढून ठेवलेलं असतं.