शहाणा, पंडित आणि विचारवंत

मराठी भाषेचे गणित मोठे विलक्षण आहे. एखाद्याला ‘शहाणा’ म्हटले तर तो सुखावतो. ‘दीडशहाणा’ म्हटले तर भांडणास उभा राहतो. वस्तुतः एकापेक्षा दीड अधिक. परंतु शहाणपणाच्या बाजारात एकाच्या पुढे गेले की भाव उतरतो, असा या भाषेचा अनुभव दिसतो. अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो, ही म्हणही त्याच अनुभवातून आलेली. उलट इतिहासात ‘अर्धा शहाणा’ हा एका थोर पुरुषाचा गौरव ठरला आहे.

पेशवाईतील साडेतीन शहाण्यांची गोष्ट घरोघरी ठाऊक आहे. पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे; नाना फडणवीस अर्धे. नानांच्या अंगी बुद्धी होती, पण तलवार नव्हती, म्हणून ते अर्धे, असा खुलासा परंपरेने दिला जातो. म्हणजे त्या काळी शहाणा याचा अर्थ केवळ ज्याचे डोके चालते तो, असा नव्हता. प्रसंगी ज्याला रणांगणातही उभे राहता येते तो, असा होता. विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत पडले. सखारामबापूंचा अंत मात्र कैदेत झाला, आणि त्यांना कैदेत घालणारे होते नाना. अर्ध्याने पूर्णाला कोंडले! लोकांनी तरीही आपला हिशेब बदलला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

‘शहाणा’ हा शब्द असा राजवाड्यापासून माजघरापर्यंत फिरतो. माजघरात त्याचा अर्थ आणखी पालटतो. ‘शहाणी मुलगी’ म्हणजे बुद्धीने तल्लख मुलगी नव्हे. सांगितलेले ऐकणारी मुलगी. तीच मुलगी प्रश्न विचारू लागली म्हणजे ‘फार शहाणी आहेस’ हे वाक्य ठरलेले. एकाच शब्दाने आज्ञापालनाची शाबासकी द्यावी आणि त्याच शब्दाने विचाराला दटावावे, ही सोय भाषेने मुलींच्या बाबतीत जरा जास्तच वापरली आहे.

संस्कृतातून आलेल्या शब्दांचा थाट निराळा. ‘विद्’ म्हणजे जाणणे. जो जाणतो तो विद्वान. ‘पंडा’ म्हणजे सार आणि असार यांची निवड करणारी बुद्धी. ती ज्याच्या ठायी आहे तो पंडित. मुळात हा शब्द पाठांतराचा नव्हे, निवडीचा आहे. पुढे निवड मागे पडली आणि ग्रंथसंख्या उरली. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत ‘पंडितराव’ हे पदच होते. शब्दाचे असे पद झाले म्हणजे त्यामागचा गुण तपासण्याचे काम सुटते. रामदासांना हा धोका चांगला कळला होता. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी पहिला समास साध्या मूर्खाला दिला आणि दहावा पढतमूर्खाला. पुष्कळ ऐकलेला, पुष्कळ वाचलेला, ब्रह्माच्या गोष्टी सांगणारा. परंतु लोभ आणि ताठा ज्याचा सुटला नाही, असा हा मनुष्य. दोन विरुद्ध शब्द एकत्र बांधून केलेला इतका नेमका मराठी शब्द क्वचितच सापडेल.

मात्र ‘पंडित’ या शब्दाची खरी परीक्षा १८७८ साली कलकत्त्यात झाली. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले होते. त्या मातेने मुलीला शिकविले. ती मुलगी, रमाबाई, आईबाप गमावून भावासह भारतभर पायी हिंडत कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ‘विदुषी’ हा शब्द जुनाच होता. परंतु रमाबाईंच्या नावाला चिकटला तो ‘पंडिता’. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, पण ती पदवी कोणाला काढून घेता आली नाही. आजही मराठी माणूस त्यांचे नाव नुसते घेत नाही.

‘विचारवंत’ आणि ‘बुद्धिजीवी’ हे शब्द या मानाने अलीकडचे. ‘बुद्धिजीवी’ हा काहीसा कोरडा शब्द आहे. श्रमजीवी हातांवर जगतो, बुद्धिजीवी बुद्धीवर, एवढाच त्याचा अर्थ. त्यात चरितार्थ कळतो, विचार कळत नाही. कारकुनाचाही चरितार्थ बुद्धीवरच चालतो. या शब्दांमागे जी युरोपीय कल्पना आहे तिचा जन्म मात्र नोकरीत नव्हे, एका भांडणात झाला. फ्रान्समध्ये कॅप्टन ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला १८९४ साली फितुरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली. १३ जानेवारी १८९८ रोजी कादंबरीकार झोला याने वृत्तपत्रातून राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहिले. दुसऱ्या दिवसापासून लेखक, प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ यांच्या सह्यांची निवेदने छापून येऊ लागली. विरोधकांनी या सह्या करणारांना ‘अँतेलेक्त्युएल’ म्हणून हिणविले. त्यांनी ती शिवी उचलली आणि बिरुद म्हणून मिरविली. ड्रायफसची निर्दोष मुक्तता होण्यास १९०६ साल उजाडले.

पॅरिसमध्ये हे घडण्यापूर्वी दहा वर्षे पुण्यात असाच एक प्रकार झाला होता, त्याची आठवण मात्र कमी काढली जाते. ‘सुधारक’ हा त्या काळी पुष्कळ घरांत कुचेष्टेने उच्चारला जाणारा शब्द. विधवेच्या केशवपनाविरुद्ध, बालविवाहाविरुद्ध बोलणारा तो सुधारक. पंक्तीला नकोसा झालेला मनुष्य. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘केसरी’ सोडल्यावर १८८८ साली स्वतःचे पत्र काढले, तेव्हा त्याला दुसरे एखादे सौम्य नाव सहज देता आले असते. त्यांनी नाव ठेवले ‘सुधारक’. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आगरकर एम. ए. झालेले होते, प्राध्यापक होते; त्यांना विद्वान म्हणण्यास विरोधकांचीही हरकत नव्हती. हरकत होती ती त्या विद्येने जे निवडले त्याला. १८९५ साली, वयाची ३९ वर्षे पुरी होण्यापूर्वीच ते वारले. तोपर्यंत ज्या शब्दाने त्यांना हिणविले जात होते तो शब्द दर आठवड्याला, त्यांच्याच पत्राच्या माथ्यावर, ठळक अक्षरांत छापून घरोघर जात होता.