गाडी धुऊन मिळाली, ब्रेकचं काय?

आज स्कूटीबद्दल बोलू या. गटाचं कर्ज काढून आपल्यातल्या कितीतरी जणींनी गाडी घेतली. कुणी तिच्यावर दूध डेअरीला नेते, कुणी पापड बाजाराला. गाडी घेताना शोरूममध्ये चहा मिळतो. सर्व्हिसिंगला गेलं की तीच माणसं म्हणतात, "ताई, घरच्या कुणाला पाठवा, तुम्हाला काय कळणार?"

माझंच सांगते. मागचा ब्रेक लागत नव्हता, म्हणून गाडी तालुक्याला शोरूममध्ये दिली. तोंडानं दोनदा सांगितलं. संध्याकाळी गाडी चकचकीत धुऊन मिळाली, बिल भरलं. गावाजवळच्या उतारावर ब्रेक दाबला, तर लिव्हर थेट मुठीला टेकला. मागं लेक बसलेली! पुढच्या ब्रेकवर कशीबशी थांबवली. मागच्या चाकाजवळच्या ब्रेकच्या नटाला कुणी हातही लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी गेले, तर म्हणाले, "कार्डावर कुठं लिहिलंय?" कार्डावर त्यांनी 'जनरल सर्व्हिस' एवढंच लिहिलं होतं.

म्हणून जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची. 'मागचा ब्रेक लागत नाही', 'चढाला गाडी ओढत नाही', असं. मगच सही करायची. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढायचा. बदललेला जुना पार्ट मागून घ्यायचा. पैसे भरण्याआधी गाडी स्वतः चालवून बघायची. ऑइल बदललं म्हणतात ना? गाडी स्टँडवर सरळ उभी करून ऑइलची कांडी बाहेर काढायला लावा. नवं ऑइल मधासारखं दिसतं, काळंकुट्ट निघालं तर तिथंच विचारा. आणि 'फ्री सर्व्हिसिंग' म्हणजे बहुधा मजुरी फुकट, ऑइलचे पैसे लागतातच. त्यावर भांडू नका.

एवढं करूनही दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निकृष्ट सेवेचीही तक्रार करता येते. वकील लागतोच असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. शोरूम दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तक्रार आपल्या जिल्ह्यात चालते, मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते.

त्याला बिल आणि कार्ड दोन्ही लागतात. पावसाळ्यात ते डिकीत ठेवू नका, भिजून अक्षरं जातात.